पापड लाटताना वाचलेले धडे

माझे दोन्ही हात पिठात होते म्हणून माझा मुलगा वाचायला शिकला. आमचे हे अजूनही म्हणतात, तसं काही नाही, वय झालं की सगळीच पोरं शिकतात. म्हणोत बापडे. त्या दुपारी त्यांनी पाहिल्यात कुठे? ते अंबरनाथला कारखान्यात असायचे आणि घरी यायचे तोवर पोळपाट धुऊन भिंतीला उभे केलेले असायचे.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आम्ही उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, बराकीतल्या एका खोलीत राहायचो. ह्यांचं मूळ गाव बदलापूरजवळचं चामटोली. तिथे थोडी शेती, सासूबाई, आणि ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे भाऊजी. ते शाळामास्तर. आमचा मुलगा तेव्हा तिसरीत होता, एकुलता एक, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. पाठ केलेला धडा घडाघडा म्हणायचा, वर बोटसुद्धा ओळींवरून फिरवायचा. पण बोट एका ओळीवर आणि तोंड तिसऱ्याच! पान उलटायचं राहून गेलं तरी धडा आपला पुढे चालूच. सुरुवातीला मला हसू यायचं. मग राग यायला लागला.

राग माझ्या नाकावरच असतो, लपवून काय करू, सगळी बराक ऐकायची. संध्याकाळी स्टोव्हवर भात चढवला की मी त्याला समोर बसवायचे. पुस्तक माझ्या मांडीवर, बोट माझं, आवाज माझा. "हे काय आहे? काल सांगितलं होतं ना? मग आज कुठे गेलं?" पोरगं पुस्तकाकडे बघायचंच नाही, माझ्या कपाळाकडे बघायचं. आठी पडली की शब्द बदलायचा. "कमळ... कणीस... कढई?" एकदा तर अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तू आधी सांग ना, मी लगेच म्हणतो." घातला मी पाठीत धपाटा. शेवटी तो रडायचा, मी रडायचे आणि भात खाली लागायचा. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी त्याला म्हणायचे. घडा मीच पालथा धरून बसलेय, हे मला कोण सांगणार?

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गाच्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, पण बोलल्या ते स्पष्ट बोलल्या. "वाचनच नाही हो त्याचं. प्रश्न वाचता आला नाही तर उत्तर काय लिहिणार? असंच राहिलं तर तिसरीतच ठेवावा लागेल."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी हातपाय धुता धुताच निकाल लावला. "जूनपासून चामटोलीला टाकू त्याला. दादाच्या हाताखाली दगडसुद्धा वाचायला लागतात."

"माझं पोर दगड आहे का?"

"अगं, लंडनला नाही पाठवत. बदलापूरला उतरलं की आलंच गाव. रविवारी जाऊन भेटू."

अंतराचं काय सांगता मला! रोज अंघोळ झाली की तो ओल्या अंगाने माझ्या गळ्यात हात टाकून उभा राहायचा आणि मी डोकं पुसून होईपर्यंत शाळेतल्या साऱ्या भानगडी सांगायचा. ते काय रविवारच्या रविवारी होणार होतं? मी भांडले, अबोला धरला, ताट वाढताना भांडी आपटली. भाऊजी वाईट नव्हते, पण शिस्तीचे. त्यांच्यासमोर मोठी माणसं सरळ बसायची. ते माझ्या मुलाला वाचायला शिकवतील ह्याची मला खात्री होती, आणि मग तो बोलायचा बंद होईल ह्याचीही.

शेवटी मीच म्हणाले, "होळीपर्यंत थांबा. होळी झाली की भाऊजींना इथे बोलवा. त्यांनी स्वतःच्या हाताने पुस्तक द्यावं. वाचलं तर राहील माझ्याजवळ. नाही वाचलं तर घेऊन जा." बोलून तर गेले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

दिवाळी सरली की कॅम्पात पापडांचे दिवस सुरू व्हायचे. आमच्या शेजारच्या खोलीत एक सिंधी म्हातारी राहायची. मुलगा दिवसभर कापडाच्या दुकानात, ही घरी. सगळी बराक तिला अम्मा म्हणायची. तिच्या हातच्या उडदाच्या पापडांना दुकानांतून मागणी असायची, आणि दुपारी तिच्या व्हरांड्यात आम्ही तिघी लाटायला बसायचो: अम्मा, मी आणि पलीकडच्या खोलीतली साताऱ्याची वहिनी. पीठ कुटायचं, त्याची लांब वळी करायची, दोऱ्याने लाट्या कापायच्या. मिरी इतकी जहाल असायची की ते हात चुकून डोळ्याला लागले तर तासभर बोंब.

शाळा सकाळची होती. पहिल्याच दिवशी पोरगं जेवून माझ्या मागे येऊन बसलं. मी म्हटलं, "रिकामा बसू नकोस, पुस्तक आण आणि वाच." त्याने आणलं, चौथ्या-पाचव्या शब्दाला अडखळला, आणि मी सवयीने हात पुढे केला. हाताला मनगटापर्यंत पीठ आणि तेल. अम्मा केवढ्याने ओरडली! "ए! किताब को हाथ नहीं लगाना. गंदी करेगी. उसके हाथ में है ना? वही देखेगा."

मी हात मागे घेतला. पुस्तक त्याच्याच मांडीवर राहिलं, आणि मी बसले होते तिथून मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"आई, हे कसं म्हणायचं?"

"मला काय दिसतंय? कसं आहे ते सांग."

त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं कपाळ सोडून अक्षराकडे बघत होता. "ट आहे. आणि त्याच्या पायाखाली एवढीशी छत्री आहे."

"ट्रक म्हणताना सुरुवातीला काय म्हणतोस?"

"ट्र... ट्र! आई, राष्ट्र! राष्ट्र आहे ते!"

साताऱ्याची वहिनी म्हणाली, "आगं बया, हुशार हाय की." पोराचे कान लाल झाले. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही, मी नुसती लाटी जोरात दाबली आणि पापड फाटला.

मग तेच चालू झालं, रोज. शिकवणी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. आम्हाला करमणूक हवी होती आणि पुस्तक धरायला मोकळे हात फक्त त्याचे होते. अम्माला चाळीस वर्षांत मराठी नीट कळायला लागलं होतं, वाचता येत नव्हतं. ती मधेच "फिर? फिर क्या हुआ?" म्हणायची, आणि आता पुढे काय झालं ते कळायला त्याच्याशिवाय कुणाचा आधार नव्हता. तो अडला की आम्ही लाटत राहायचो. घाई करायला वेळ कुणाला होता? कधी कधी एका शब्दावर अख्खे दोन-तीन पापड लाटून व्हायचे. माझी जीभ शिवशिवायची. मी बोलायला तोंड उघडलं की अम्मा लाटणं माझ्याकडे रोखायची.

तिचं स्वतःचं एक पुस्तक होतं, सिंधीतलं, धर्माचं. सकाळी चहाच्या आधी ती त्यातलं एक पान वाचायची. पोरगं ते पाहून चाटच पडलं, कारण ते उलट्या बाजूने उघडायचं आणि उजवीकडून डावीकडे चालायचं. "अम्मा, आज दोन पानं वाच ना," तो म्हणाला. "नहीं, पुट," ती म्हणाली. पुट म्हणजे बाळा. "एक पन्ना. ताप हो तो भी एक, शादी हो तो भी एक. नेम है." तेव्हापासून त्यानेही नेम धरला. एक गोष्ट वाचायची, मग तेल लावलेली कच्ची लाटी खायला मिळायची, मग गृहपाठ तिथेच पालथं पडून, आणि मग खेळायला पळायचं. रविवारीसुद्धा. पाठ्यपुस्तक संपलं तेव्हा मी रद्दीवाल्याकडून मुलांची जुनी मासिकं आणली.

थंडीत एकदा मासिकातली एका चिमणीची गोष्ट निघाली. पिल्लू घरट्यातून पडतं, चिमणी रात्रभर त्याच्याजवळ बसते आणि सकाळी पिल्लू मेलेलं असतं. पोराने सगळं नीट वाचलं. अम्माने लाटणं खाली ठेवलं, हात धुतले आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशीही ती लाटायला बसली नाही. मी घाबरले. मग वहिनीने खालच्या आवाजात सांगितलं की फाळणीनंतर ही मंडळी नवी नवी कॅम्पात आली तेव्हा अम्माची चार-पाच वर्षांची मुलगी ह्याच बराकीत तापाने गेली होती. मला इतकी वर्षं शेजारी राहून पत्ता नव्हता. पोरगं तिथेच बसून दोऱ्याला गाठी मारत होतं. ते ऐकत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

अम्मा परत येऊन बसली आणि वाचन पुन्हा सुरू झालं. फाल्गुन लागला. पोरं होळीची लाकडं गोळा करत गल्लीभर बोंबलत फिरायला लागली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, म्हटलं आता हा कसला बसतोय! पण तो बसायचा, नेम पुरा करायचा आणि मगच पळायचा. आता तर तो चक्क रंगवून वाचायचा. वाघाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा. वहिनी हसून हसून लोळायची. भाऊजींच्या येण्याची धास्ती जराशी कमी झाली. हल्ली मासिकांत गोष्टीही छान येतात, सगळ्यांचं भलं होतं शेवटी, असंही मी एकदा म्हणाले. काय माझी अक्कल!

होळीनंतरच्या रविवारी भाऊजी येणार होते. सकाळी मी खोली आवरत होते. आदल्या दिवशी त्याने वाचलेलं मासिक पसरलेलं होतं, ते उचलताना सहज नजर गेली. त्या गोष्टीतलं कोकरू काल अम्माच्या व्हरांड्यात लांडग्याच्या तावडीतून सुटून घरी आलं होतं. कागदावर लांडग्याने ते खाल्लं होतं. मी पुन्हा वाचलं. मागची गोष्ट काढली. त्यातली नाव बुडाली होती; आम्हाला तर त्याने ती काठाला लावून दाखवली होती.

म्हणजे हा वाचत नव्हताच! चित्रं बघून मनाने रचून सांगत होता आणि आम्ही तीन बायका माना डोलवत होतो. त्याला बोलवायला दाराशी गेले तर समोरून हे आणि भाऊजी येत होते. भाऊजींच्या हातात पिशवी होती, आणि ती रिकामी होती. पोराचे कपडे न्यायला आणली होती की काय, हाच विचार माझ्या डोक्यात बसला.

पापडाचं पीठ आदल्या दिवशीच भिजलेलं होतं, त्यामुळे अम्मा आणि वहिनी लाटायला बसल्याच होत्या. भाऊजी म्हणाले, "खोलीत अंधार आहे. इथेच बसू." व्हरांड्यात त्यांना खुर्ची दिली. मी चहा देऊन पोळपाटाशी बसले. त्यांनी खिशातून एक पातळ पुस्तक काढलं, गावाच्या स्वच्छतेवरचं, त्यांच्या शाळेतलं. पोराने ते कधीच पाहिलेलं नव्हतं.

"वाच."

आणि तो वाचायला लागला. स्वच्छता, ग्रामस्थ, दुर्गंधी, एकेक जोडाक्षर सरळ उचलत गेला. भाऊजी मान पुढे काढून प्रत्येक ओळ तपासत होते आणि मधूनमधून हुंकार देत होते. ह्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. माझा हात लाटीवर तसाच थांबला. वाचतोय! अरे, हा तर वाचतोय! मग कालचं ते काय होतं?

गावाच्या विहिरीचं पाणी घाण झालं होतं आणि लोक दुखणाईत पडत होते. त्याने पान उलटलं. "कुंभाराची धाकटी मुलगी तापाने फणफणली. तिची आई उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी..."

तो थांबला. त्याची नजर खालपर्यंत सरकत गेली. मग त्याने अम्माकडे पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी औषध दिलं आणि मुलगी टुणकन उठून बसली. मग तिने भाकरी खाल्ली."

"भाकरी?" भाऊजी म्हणाले. "कुठाय भाकरी? दाखव मला." त्यांनी पानावर बोट आपटलं. "हे मनचं सांगतोय. मगाचचं कुठून तरी पाठ केलं असणार."

"झालं तर मग," हे म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, पडलेला होता. "जूनमध्ये आणून सोडतो, दादा."

मी पिठाच्या हातांनी तशीच उठले. "वाच ना रे राजा. जे आहे ते वाच. आईचं ऐक." त्याने नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांत पाणी, पण मान ठाम. मी आयुष्यात त्याच्यावर इतकी कधी चिडले नव्हते आणि त्याला इतकं घट्ट धरावंसंही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तो उठला, खुर्चीशी गेला, पुस्तक तोंडाच्या आडोशाला धरलं आणि भाऊजींच्या कानाला लागला. मी जवळच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. तो कुजबुजत वाचत होता. "तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी गेली. आईने तिचं अंथरूण कित्येक दिवस उचललं नाही. ग्रामस्थांनी विहीर उपसायचा निश्चय केला." शब्द न् शब्द. आणि मग पुस्तकात नसलेलं, "काका, अम्माची मुलगी पण तापानेच गेली. अम्मा बसलीय ना इथे."

भाऊजींनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा काढला, धोतराला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर आहे. माझाच चष्मा खराब. भाकरीच लिहिलीय." ज्या माणसाने जन्मात कुणाच्या पेपरावर एक मार्क उगाच वाढवला नसेल, तो माणूस! मग ह्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "ह्याला मी नेत नाही. ह्याचा डोळा तोंडाच्या चार ओळी पुढे चालतो रे. माझ्या सातवीच्या पोरांना जमत नाही ते. आईपाशीच राहू दे."

मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात वर नेला आणि मिरी आठवून तसाच हवेत धरला. वहिनीने आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

अम्माची मान अजून खालीच होती. ती लाटत लाटतच बोलली. "मास्टरजी, इतने साल बच्चों को पढ़ाया, झूठ बोलना नहीं सीखा आपने?"

भाऊजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"इधर आ, पुट. कब से कर रहा है ये?"

"चिडिया के बाद से," पोरगं म्हणालं.

"सबको बचाया?"

"सबको."

अम्माने त्याला ओढून आपल्याजवळ बसवलं. पिठाचे हात लागू नयेत म्हणून कोपराने त्याच्या डोक्याला जवळ घेतलं. "अच्छा किया. अब मेरे को जो लिखा है वो सुना. पूरा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याने पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागला. कुंभाराची मुलगी फणफणली, आई उशाशी बसली, तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी गेली. तिथे त्याचा आवाज फाटला. अम्माचं लाटणं थांबलं. तिने नवी लाटी घेतली, पोळपाटावर ठेवली, तळव्याने दाबली.

"आगे," ती म्हणाली. "आगे पढ़, पुट."